आईनं खोडलेलं वाक्य

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. भावोजी म्हणाले, "पाठव तू. ती फाडणार नाही एवढं मी बघतो." तेव्हा हे पत्र अखंड तुझ्या हातात आलं असेल तर श्रेय त्यांचं.

सिस्टरनं माझा लेख तुला दुकानात आणून दिला हे कळलं. तिच्यावर रागावू नकोस. सात महिने ती आईला इंजेक्शन द्यायला तीन जिने चढून यायची. आपल्या पेशंटबद्दल काहीतरी छापून आलंय म्हणून बिचारी कौतुकानं घेऊन आली. ती म्हणाली, तू काउंटरवर उभ्या उभ्या सगळा वाचलास, समोर गिऱ्हाईक औषधाची चिठ्ठी हातात धरून ताटकळत होतं, आणि मग आत गोदामात निघून गेलीस.

मला आधी सांगायला हवं होतं, मान्य. पण माझं काम काय आहे हे तुला ठाऊक होतं. शेवटचे दिवस मोजणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन बसायचं, तो आणि त्याच्या घरचे एकमेकांशी कसे वागतात ते बघायचं, लिहायचं. तूच एकदा म्हणाली होतीस, "म्हणजे लोकांच्या घराला आग लागलेली असते आणि तू धुराचा रंग लिहून घेतेस." मी तेव्हा हसले होते. अशी बारा घरं होती. आईचं आजारपण निघालं तेव्हा सहा झाली होती. संस्थेतल्या माझ्या मॅडम म्हणाल्या, संशोधकाला स्वतःचं घर मिळणं दुर्मीळ असतं, सोडू नकोस. मग आपलं घर सातवं झालं. संमतीच्या कागदावर नुसतं "दीर्घ आजार" एवढंच होतं, आईनं हसत सही केली, आणि तू म्हणालीस, "लिही बाई, तेवढंच तुझं मन रमेल."

लेखात कुणाचंच नाव नाही. तुला तर मी बँकेत नोकरीला लावलंय. औषधाच्या दुकानाचा उल्लेखसुद्धा नाही. पण बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मला गाळता आल्या नाहीत. डॉक्टरांनी कॅन्सर म्हणून सांगितलं, तू आईला "आतड्याला सूज आहे" म्हणून सांगितलंस, आणि मॉर्फिनच्या बाटलीवर "पोटदुखी, दिवसातून चारदा" अशी चिठ्ठी आपल्या हातानं लिहून डकवलीस. असं मला बाकीच्या अकरा घरांत कुठेही सापडलं नाही. त्यावरून तू स्वतःला ओळखलंस, यात नवल नाही.

तुला जे वाक्य लागलं असेल ते कुठलं, याचा मला अंदाज आहे. पण ते सुटं वाचू नकोस. पुढचामागचा मजकूर धरून वाच. अभ्यासात असं वाक्य एका माणसाबद्दल नसतं, एका परिस्थितीबद्दल असतं. तरीही तुझं मन दुखावलं असेल तर मी माफी मागते.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "आई असं म्हणाली होती का? हो की नाही एवढंच लिही, बाकी पाल्हाळ नको."

हो. म्हणाली होती. "मोठी आली की मला जास्त दमायला होतं. तिच्यासाठी बरं असल्याचं सोंग करावं लागतं." शब्द तिचेच आहेत. रेकॉर्डिंग आहे.

इथं थांबायला हवं, तू तसं बजावलंही आहेस. पण हे एवढंच लिहून पाकीट बंद करवत नाही, म्हणून थोडं पाल्हाळ सोस.

आईला कळलं कसं, ते लेखात नीट आलेलं नाही. ती एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. माणूस न बघता नुसत्या आवाजावरून ती त्याच्या घरात काय चाललंय ते सांगायची. तू दवाखान्यातून येऊन दारातच म्हणालीस, "काही नाही गं, साधी सूज आहे," तेव्हाच तिला कळलं. नंतर मला म्हणाली, "मोठीचा आवाज एक पट्टी वर गेला. तुझे बाबा गेल्याची तार आली होती ना, तेव्हा साहेबांनी मला याच आवाजात चहा विचारला होता." आणि चिठ्ठ्यांचं म्हणशील तर तिनं एका दुपारी कोपरा नखानं उचलून खालचं नाव वाचलं होतं, थुंकी लावून परत चिकटवून ठेवलं होतं. वर मला दम दिला, "सांगशील बिंगशील तिला. केवढ्या मेहनतीनं लिहिलंय पोरीनं."

तो कान तुझ्या वाट्याला अजिबात आला नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. शाळेच्या समूहगीतात बाईंनी तुला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. तेव्हापासून तू गात नाहीस. निदान तुला तसं वाटतं.

खाटेबद्दलही तू वाचलं असशील. आईनं खिडकीजवळची खाट बाहेरच्या खोलीत दाराशी घ्यायला लावली, तेव्हा तू केवढी वैतागली होतीस. "उजेड नाही, वारा नाही, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला नाकाशी!" ती म्हणाली, "माझी खाट, माझी मर्जी." दोन दिवस धुसफुसलीस आणि तिसऱ्या दिवशी भावोजींना घेऊन येऊन खाट हलवलीस. त्यावर मी लेखात दोन पानं लिहिली आहेत. मरणाला सामोरं जाणारा माणूस उंबऱ्याकडे कसा सरकतो, वगैरे. मॅडमना तो भाग सगळ्यात आवडला.

तुझी धाकटी


११ मार्च

ताई,

काल भावोजींचा फोन आला. ते एरवी फोनवर हवापाण्यापलीकडे जात नाहीत. काल म्हणाले, "ती जेवताना मधेच विचारते, मी दोनदा जायचे ते एकदाच जायला हवं होतं का हो? मी काय सांगू तिला? तूच सांग." आणि म्हणाले की तू आईच्या घराची किल्ली त्यांच्याकडे देऊन टाकलीस. घर आवरायलाही जात नाहीस.

सात महिने तू सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि संध्याकाळी दुकान बंद केल्यावर आलीस. एकही दिवस चुकवला नाहीस. तुला स्वतःला ताप होता त्या दिवशी दाराबाहेर उभी राहून बोललीस. त्या सगळ्या दिवसांकडे तू आता माझ्या एका वाक्यातून बघतेस. हे मी केलंय. मागच्या पत्रात "हो" लिहिलं तेही खरं होतं, पण अर्धं. अर्धं खरं कसं लिहायचं, याचं मला चांगलं शिक्षण मिळालंय.

आमच्या कामात एक रीत आहे. माणसाचं बोलणं टेपवरून कागदावर उतरवलं की ते त्याला वाचून दाखवायचं. त्याला जे नको असेल ते तो स्वतःच्या हातानं खोडतो, शेजारी सही करतो. खोडलेलं वापरायचं नाही. कारण विचारायचं नाही, गळ घालायची नाही. माणूस मरणाला टेकलेला असतो, त्याचं सगळं दुसऱ्यांच्या हातात गेलेलं असतं, निदान स्वतःचे शब्द तरी त्याच्या ताब्यात राहावेत म्हणून ही रीत. नव्या विद्यार्थ्यांना हे मी शिकवते. फळ्यावर लिहून शिकवते.

आईला मी दर शनिवारी वाचून दाखवायचे. ती चष्मा लावून, उशीला टेकून, साहेबासारखी ऐकायची. ते वाक्य आलं तेव्हा तिनं हात वर केला. "थांब. हे मी म्हणाले?" म्हटलं, हो. "कधी?" म्हटलं, मंगळवारी, उलटी झाल्यानंतर. ती म्हणाली, "मग ती उलटी बोलली असेल. आण पेन्सिल." तिनं ते खोडलं, ताई. दोन रेघा मारल्या, शेजारी सही केली, आणि त्याच्या जागी दुसरं काही सांगून लिहायला लावलं.

आणि मी खोडलेलं छापलं. लेख लिहायला बसले तेव्हा आई जाऊन पाच महिने झाले होते. त्या वाक्याशिवाय लेख उभाच राहत नव्हता. मनात म्हटलं, आता कोण विचारणार आहे. हे असंच म्हटलं, याच शब्दांत. चोरी करताना माणूस घरात कोणी नाही ना एवढंच बघतो, तसं.

मला फार लाज वाटते. पहिल्या पत्रात मी "दुखावलं असेल तर" असं लिहिलं होतं. त्यातल्या "असेल तर"ची सगळ्यात जास्त वाटते.

दुसरं काय लिहायला लावलं, ते मी आत्ता लिहू शकते. पण तू माझ्या शब्दावर का विश्वास ठेवावास? तुझी समजूत काढायला रचलंय असंच तुला वाटेल, आणि मीही तसंच समजले असते. ते मूळ पान संस्थेच्या कपाटात मोहोरबंद आहे. बाहेर काढायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. मी कारण लिहायला घेतलंय.

धाकटी


२ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. यावं अशी अपेक्षाही नव्हती. पण कारण लिहायला बसले आणि लक्षात आलं की कपाटवाल्यांना जे सांगणार ते तुला आधी सांगायला हवं, आणि तुला सांगायचं तर ते खोडलेल्या वाक्यावर थांबत नाही. तीन आठवडे मी हे पत्र टाळतेय. धुतलेली भांडी परत धुतली.

शेवटच्या आठवड्यातला मंगळवार. तू सकाळी येऊन गेलीस. मी आईची पाठ पुसत होते. ती म्हणाली, "वहीबाई, आता पुरे झालं. मोठीला सांग, मला सगळं माहीत आहे म्हणून. माझ्याच्यानं तिच्या तोंडावर नाही बोलवणार, लगेच रडेल ती. तू आधी सांग, मग ती रडून येईल, आणि मग आम्ही दोघी एकदा धड बोलू."

"सांगते," मी म्हणाले.

"आजच सांग हं."

"आजच सांगते."

संध्याकाळी तू आलीस. गरम पाण्याची नवी पिशवी आणली होतीस. मला तुला जिन्यातच गाठता आलं असतं. मी कोपऱ्यात वही घेऊन बसून राहिले. तू आईला म्हणालीस, "तू बरी झालीस की सुट्टीत समुद्रावर जाऊ." आईनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी वहीत मान घातली. मग ती तुला म्हणाली, "समुद्रावर जायचं तर मला पोहायचा पोशाख शिवावा लागेल का गं?" तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मी तेही लिहून घेतलं.

का नाही सांगितलं? गुरुवारी डॉक्टर घरी येणार होते. तू, भावोजी, आई, सिस्टर, सगळे एका खोलीत, आणि सगळ्यांना सगळं माहीत असूनही कोणी बोलत नाही, असं दृश्य मला मिळणार होतं. मला ते हवं होतं. गुरुवारनंतर सांगू म्हटलं, दोन दिवसांनी काय बिघडतं. वहीत त्या दिवशीची नोंद आहे: "हस्तक्षेप केला नाही." बघणाऱ्यानं बघण्यात ढवळाढवळ करू नये असा आमचा नियम आहे. पण सात महिने मी तिच्या चादरी बदलत होते, केस विंचरत होते, तिच्या पायावर पाय टाकून झोपत होते. तेव्हा नाही आठवला नियम.

बुधवारी दुपारी तिनं विचारलं, "सांगितलंस?"

मी म्हणाले, "ती घाईत होती गं."

तिच्या कानाला माझा आवाज कसा लागला असेल, याचा मी रोज विचार करते. बुधवारी संध्याकाळी तू तिला म्हणालीस, "उद्या येताना मऊ उशी आणते." गुरुवारी तू उशी आणलीस तेव्हा ती बोलत नव्हती. डॉक्टर आले, नाडी पाहून गेले, दृश्य वगैरे काही झालं नाही. शुक्रवारी सकाळी ती गेली. ती उशी अजून तिथेच आहे, प्लास्टिकमध्ये.

आणि त्या दिवशी, सगळे पांगल्यावर, तू स्वयंपाकघरात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, "बरं झालं गं. शेवटपर्यंत तिला काही कळलं नाही." मी मान हलवली. तुझ्या केसांवरून हात फिरवला. मग पाच महिन्यांनी लेख लिहिला आणि जगाला कळवलं की तिला सगळं कळलं होतं.

तुम्हा दोघींचं धड बोलणं माझ्यामुळे झालं नाही. मला माफ कर असं लिहिणार नाही. ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल.

धाकटी


३० एप्रिल

ताई,

पान मिळालं. सोबत पाठवतेय. प्रत नाही, मूळ पान आहे. संस्थेनं प्रत ठेवून घेतली.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एका वाक्यासाठी अख्खा लेख मागे घेणार?" मी म्हणाले, वाक्य माझं नव्हतं. लेख मागे घेतल्याची सूचना पुढच्या अंकात येईल, कारणासकट. त्यावर जे पुस्तक व्हायचं होतं ते आता होत नाही. बाकीच्या अकरा घरांचे कागदही दुसरं कोणीतरी तपासणार आहे, मी आणखी कुणाचं काही खोडलेलं वापरलंय का ते बघायला. नाही वापरलेलं. पण त्यांनी तपासायलाच हवं. पुढच्या सत्रात मला शिकवायचं काम दिलेलं नाही. हे सगळं तुला कळावं म्हणून लिहिलं, कीव यावी म्हणून नाही. माझ्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या करणं तुला अवघड जाईल, ते मी समजू शकते.

आता पान. वरच्या बाजूला टंकलेलं आहे ते तू वाचलेलं वाक्य. त्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा आणि आईची सही. सही तुला ओळखू येईल, तुझ्या प्रगतिपुस्तकांवर आहे तशीच, फक्त कापरी. खाली माझ्या अक्षरात तिनं सांगितलेलं आहे. अक्षर वाईट आहे म्हणून इथं पुन्हा लिहिते.

"मोठी आली की मी बरी असल्याचं सोंग करते. ते नीट जमलं तर ती जाताना जिन्यात बेसूर गुणगुणते, पार पहिल्या मजल्यापर्यंत. तिला ते माहीत नाही. जमलं नाही तर नुसत्या चपला वाजतात. आतल्या खोलीत जिना ऐकू येत नाही, म्हणून खाट दाराशी घेतली. दमते मी, पण गुणगुणणं ऐकलं की त्यानंतर झोप छान लागते."

उंबरा नाही, मरण नाही, काही नाही. जिना ऐकू यावा म्हणून. हे मला माहीत होतं आणि तरी मी ती दोन पानं लिहिली, कारण जिन्यापेक्षा उंबरा भारदस्त दिसत होता.

तू विचारलं होतंस ना भावोजींना, एकदाच जायला हवं होतं का. ती संध्याकाळची वाट बघायची ताई. पाच वाजले की मला टेकू द्यायला सांगायची, केस नीट करून घ्यायची, गाल चोळायची. "चल, माझी ड्यूटी सुरू," म्हणायची.

पाकिटात एक पेन्सिल आहे, तीच. माझी ही पाचही पत्रं म्हणजे तुझ्याबद्दल लिहिलेलं आहे, आणि ते तुला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. तूच वाच. नको ते खोड. सगळंच खोडलंस तरी चालेल. या वेळी मी त्यातलं काही वापरणार नाही.

एक राहिलं. सोबतच्या पानावर त्या ओळींमध्ये "बेसूर" हा शब्द आईनं नंतर खोडलाय, बघ. शेजारी सहीसुद्धा आहे. खोडलेलं मी तुला सांगितलंच, सवय जात नाही. पण तो का खोडला ते तुला कळायला हवं. मी तिला म्हणाले होते, "राहू दे की, खरंच तर आहे. माझ्या वहीत कोण बघतंय?"

आई म्हणाली, "खोडू दे. कधीतरी ती वाचेल."

धाकटी